गोरोबाकाकांचं थापटणं

वाचक माउली, ही कथा तुम्हाला ठाऊक आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी बसली होती. मुक्ताबाईंची नजर कोपऱ्यातल्या थापटण्याकडे गेली. हे कशाला, म्हणून त्यांनी विचारलं. काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. मग आमचीही मडकी बघा की, असं मुक्ताबाई म्हणाल्या, आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं चालवलं. बाकीचे गप्प बसले. नामदेवराय तेवढे रागावले, कळवळले. काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं आहे.

चाळीस वर्षं मी ही कथा कीर्तनात सांगितली. दरवेळी श्रोते हसले, त्यांच्याबरोबर मीही हसलो. कीर्तनाला उभं राहणं सोडून आता सहा वर्षं झाली. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती कथा माझ्याच दारात आली आणि थापटणं ज्या डोक्यावर यायचं होतं ते माझ्या नातीचं होतं. तेव्हा हसू आलं नाही. त्या दोन महिन्यांत माझ्या हातून दोन चुका झाल्या. त्या सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे, कारण त्या चुका करताना मला आपण भक्ती करतो आहोत, दया करतो आहोत, असंच वाटत होतं.

आमचं घर भाटघरला, धरणाच्या अंगाला. नात पाच महिन्यांची असताना अंगणवाडीत मुलांच्या तपासणीचं पथक आलं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली अशी पथकं गावोगाव येतात. त्यातल्या डॉक्टरांनी फीत लावून पोरीचं डोकं मोजलं, कार्डावर खूण केली, पुन्हा मोजलं. वयाच्या मानानं डोकं जरा जास्त वाढतंय, सोनोग्राफी करून घ्या, म्हणाले. आमच्याकडे सोनोग्राफी म्हटलं की पोटुशी बाईच डोळ्यांसमोर येते. जन्मल्यावर कसली सोनोग्राफी, असं घरात सगळ्यांनीच विचारलं. पण लहान बाळाची टाळू भरलेली नसते. त्या मऊ जागेतून आवाजाच्या लहरी आत जातात आणि मेंदू दिसतो. टाळूवर थंडगार चिकट जेल लावतात, वरून यंत्र फिरवतात. सुई नाही, किरण नाहीत, उपाशी ठेवणं नाही. पोरगी दूध पीत होती आणि तपासणी झाली.

आत पाणी थोडं जास्त दिसलं. पुण्याच्या डॉक्टरांनी गाव विचारलं आणि भाटघर म्हटल्यावर आमच्याच धरणावरून समजावलं. मेंदूत पाणी सतत तयार होत असतं आणि तेवढंच रक्तात मुरून जात असतं. धरणात येवा चालू राहिला आणि सांडवा बंद पडला तर पाणी चढतं, तसंच हे. बाळाच्या कवटीचे सांधे अजून जुळलेले नसतात, म्हणून दाब वाढला की डोकं मोठं होतं. वाट कुठं अडली आहे का, हे सोनोग्राफीत नीट दिसत नाही. त्यासाठी एमआरआय करावा लागेल, आणि बाळ स्थिर राहावं म्हणून भूल द्यावी लागेल.

तारीख ठरली ती ज्येष्ठातली. मुलानं माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात अजून माझा शब्द मानतात. मी म्हणालो, एवढी वारी होऊ द्या. विठोबाच्या पायांवर घालतो, मग बघू. सून काही बोलली नाही. तारीख पुढे ढकलली गेली.

ही पहिली चूक.

गुडघ्यांमुळे मला आता सगळी वाट चालवत नाही. नीरेला जाऊन माउलींना गाठतो आणि पुढे जमेल तेवढं चालतो. त्या वर्षीही नीरास्नानाला उभा होतो. आमच्या धरणाचं पाणी वेळवंडीतून नीरेला येतं, नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. माझ्या दारचं पाणी विठोबाच्या पायाशी जातं, याचा मला जन्मभर अभिमान. पण त्या दिवशी पादुकांना स्नान घालताना बघत असताना डॉक्टरांचं बोलणं कानात आलं. आलेलं पाणी वाहून गेलं पाहिजे. आणि मनात स्वच्छ उमटलं की मी पोरीला विठोबाच्या पायांवर घातलेलं नाही, मी तिच्या दुखण्याकडे पाठ करून इथं आलो आहे.

माउली, यातला फरक मी आता सांगू शकतो. वारीला जाणं चूक नव्हतं. वारीच्या आड लपणं चूक होतं. तपासलं की काहीतरी निघतं, असं आपण गावात म्हणतो. जणू तपासणीनंच रोग आत घातला. गोरोबाकाकांच्या थापटण्यानं एकही मडकं कच्चं झालं नाही. जे होतं ते कळलं, एवढंच. नामदेवराय रागावून पंढरीला गेले, देवाजवळ गाऱ्हाणं केलं. देवानं त्यांची समजूत घालून त्यांना तसंच ठेवून घेतलं नाही. त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठवलं. म्हणजे देवाचा लाडका भक्तसुद्धा तपासणीतून सुटला नाही, आणि त्या तपासणीमुळेच त्याला गुरू भेटला. ही कथा इतकी वर्षं सांगणारा मी, माझ्या नातीच्या डोक्यावर थापटणं येताच तिला घेऊन मागे सरलो. भिऊन सरलो आणि त्या भिण्याला श्रद्धा म्हणालो.

वारीहून आल्यावर डॉक्टरांनी पोरीला बघितलं. काही बिघडलं नव्हतं. पण त्यांनी एक गोष्ट बजावली, ती तुम्हीही ध्यानात ठेवा. टाळू फुगून ताठ लागली, वारंवार उलट्या झाल्या, बाळ सुस्त पडलं, डोळ्यांची बुबुळं सारखी खाली वळू लागली किंवा झटके आले, तर तारखेची, वारीची, अमावस्येची वाट बघायची नाही. त्याच घटकेला दवाखाना गाठायचा.

नवी तारीख मिळाली. सकाळी नऊला तपासणी. अंगावरचं दूध चार तास आधी बंद करायचं, असं कागदावर लिहून दिलं होतं. पहाटे चारला सुनेनं पाजलं आणि आम्ही निघालो. साडेसातला पोरगी रडायला लागली. मुलगा आणि सून कागदपत्रांच्या रांगेत. पोरगी माझ्या मांडीवर. आधी कुरकुर, मग ओरडून रडणं, मग श्वास धरून रडणं. मी विठ्ठल विठ्ठल म्हणत थोपटत होतो. तिला नामाशी काही देणंघेणं नव्हतं, तिला भूक लागली होती. आजूबाजूचे बघत होते. तपासणी झाल्यावर द्यायला म्हणून सुनेनं काढून ठेवलेलं दूध पिशवीत होतं. मी तीन चमचे दिले. तीनच. ती गप्प झाली, माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, मी पुण्य केलं.

ही दुसरी चूक.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. शेवटचं दूध कधी, म्हणून विचारलं. सून म्हणाली, चारला. त्यानंतर कोणी पाणी, मध, दूध, चमचाभर काही दिलं का? सून म्हणाली, नाही. मी बाजूला उभा होतो.

माउली, त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. तीन चमच्यांनी काय होतंय? इतक्या लांबून आलोय. मुलानं रजा काढली आहे. सांगितलं तर सगळ्यांसमोर माझी लाज. सत्यावर मी शेकडो कीर्तनं केली असतील, पण एवढं छोटं सत्य जिभेवर यायला जड गेलं. शेवटी म्हणालो, बाई, मी तीन चमचे दिलेत, साडेसातला.

त्या रागावल्या नाहीत. आजोबा, बरं झालं सांगितलंत, एवढंच म्हणाल्या आणि तपासणी त्या दिवसापुरती थांबवली. मग समजावून सांगितलं. जागेपणी पोटातलं वर आलं तर बाळ खोकतं, घसा आपली वाट सांभाळतो. भुलीत घसा झोपलेला असतो. पोटातलं दूध वर आलं तर थेट फुप्फुसात उतरू शकतं. कधी कधी ते जिवावर बेततं. उपास त्यासाठी असतो. भूल द्यायला आलेल्या बाईंनी माझीच भूल उतरवली.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही. कापूरहोळला वळताना सून म्हणाली, "आबा, तिची भूक मला कळत नव्हती का? तिच्या रडण्यानं माझा पदर भिजत होता. तरी मी थांबले होते."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री झोप आली नाही. मी त्या चमच्यांना दया म्हणत होतो. पण दया कोणावर केली? पोरीचं रडणं मला सोसवत नव्हतं. चारचौघांच्या नजरा सोसवत नव्हत्या. मी माझे कान शांत केले आणि त्याची किंमत तिच्या फुप्फुसाला मोजावी लागली असती. खरी दया त्या मुलीच्या आईनं केली होती. दूध दाटून आलेलं असताना ती लेकराचं रडणं ऐकत उभी राहिली.

तेव्हा गोरोबाकाकांची दुसरी कथा आठवली. संती पाणी आणायला गेली, बाळ रांगत चिखलात आलं, काका भजनात रंगून चिखल तुडवत होते. ही कथा सांगताना समोरच्या बाया आपली लेकरं पदराखाली घेत, आणि मी लगबगीनं पांडुरंगानं बाळ परत दिलं तिथवर येत असे. संती घागर घेऊन परत आली त्या क्षणापाशी मी कधी थांबलोच नाही. आता थांबतो. काकांना देहभानच नव्हतं. मला पुरतं भान होतं, धीर तेवढा नव्हता. संतांचं देहभान हरपलं, याचा आधार आपण आपल्या गाफीलपणाला घेऊ नये. आपल्यासारख्यांसाठी सावतोबांचं उदाहरण बरं. त्यांनी मळा सोडला नाही. वाफ्याला पाणी देतानाच त्यांना विठोबा भेटला.

म्हणून म्हणतो, ज्यांच्या घरी अशी तपासणी ठरली आहे त्यांनी तिची तयारी हीच सेवा समजावी. मी वैद्य नाही. मला सांगितलं गेलं आणि मी पाहिलं तेवढं पुढे देतो. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं तेच शेवटचं.

भूल द्यायची असेल तर अंगावरच्या दुधाला बहुधा चार तास, डब्याच्या किंवा वरच्या दुधाला सहा तास आणि नुसत्या पाण्याला दोन तास आधी थांबवतात. वेळ कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, आजी-आजोबांना आधी. आजोळच्या माणसांनाही. बोटभर मधही चालत नाही. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला एरवीही देऊ नये. सर्दी, खोकला, ताप आला असेल, बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल, एखादं औषध चालू असेल, तर विचारायच्या आधी सांगा. काही चुकून दिलं गेलं असेल तर तेही सांगा. तारीख पुन्हा मिळते.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला पुष्कळदा भूल लागतच नाही. पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवतात आणि झोपेतच एमआरआय उरकतात. तेव्हा उपाशी ठेवायचं की पाजून न्यायचं, हे आधी विचारा. अंदाजानं करू नका.

एमआरआयमध्ये किरण नसतात. तिथं फार मोठं लोहचुंबक असतं आणि त्याचा ठोकल्यासारखा मोठा आवाज होतो, म्हणून बाळाचे कान झाकतात. ही विद्या माणसाच्या कामी आणणाऱ्या लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड या दोघांना २००३ साली नोबेल मिळालं. त्या खोलीत धातू नेणं धोक्याचं. वाळे, मनगट्या, करगोटा, ताईत, सेफ्टी पिन घरीच उतरवा. काजळ, तीट पुसा. बाळाबरोबर आत जाणाऱ्या आईनं मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसांतल्या पिना बाहेर ठेवाव्यात. आमच्या सुनेनं मंगळसूत्र काढताना सासूकडे बघितलं होतं. तिच्या सासूनं आपल्या हातानं ते सोडवून रुमालात बांधून घेतलं. घरातल्या मोठ्यांनी असं केलं की तरुणांच्या मनावरचं ओझं उतरतं. आपल्या तुळशीच्या माळेचंही विचारतात. माळ सुती दोऱ्यात असेल तर तिथल्या माणसाला दाखवून विचारा. तारेत ओवलेली असेल तर उतरवा आणि कपाळाला लावून दुसऱ्या माळकऱ्याच्या हातात द्या. लेकरासाठी तासभर उतरलेल्या माळेनं व्रत मोडत नाही, असं मी माझ्या वयाच्या जबाबदारीनं सांगतो.

एक्स-रे आणि सीटी स्कॅन यांत किरण असतात. १८९५ साली रोंटगेननी आपल्या पत्नीच्या हाताचा पहिला असा फोटो काढला, त्यात हाडं दिसली आणि बोटातली अंगठीही दिसली. बाळाला किरण कमीत कमी द्यावेत, असाच डॉक्टरांचाही नियम आहे. ही तपासणी कशासाठी, सोनोग्राफीनं भागेल का, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही. गरज आहे म्हणाले तर मात्र अडून बसू नका. एक्स-रेच्या वेळी बाळाला धरायला आईबापाला बोलावतात, शिशाचा अंगरखा घालायला देतात. आईला पुन्हा दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर तिनं आधी सांगावं आणि बाहेर थांबावं. धरताना हात सैल ठेवू नका. हलल्यामुळे फोटो बिघडला तर पुन्हा काढावा लागतो आणि किरण दुप्पट होतात. घट्ट धरणं ही तेवढ्या वेळची माया आहे.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी पिशवी मी घेतलीच नाही. पोरगी तशीच रडली. सून तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती आणि मी त्या दोघींच्या मागे चालत होतो. मनात नाम चालू होतं, पण पोरीनं गप्प व्हावं यासाठी नव्हतं. माझे हात स्वस्थ राहावेत यासाठी होतं. नामाचा असा उपयोग मला सत्तर वर्षं ठाऊक नव्हता. आत नेली, भूल दिली, दार लागलं. तेवढा वेळ आमच्या हातात काहीच उरलं नव्हतं. देवावर भार टाकण्याची खरी जागा मला तिथं सापडली. आपल्या हातात होतं ते सगळं झाल्यावर जे उरतं, ते त्याचं. महिनाभर आधी मी त्याच्यावर टाकलं होतं ते माझं काम होतं.

निकाल आला. मेंदूभोवती पाणी थोडं जास्त आहे, पण वाट अडलेली नाही. शस्त्रक्रिया आत्ता नको, दर महिन्याला डोकं मोजा. आम्ही मोजतो आहोत.

विठोबानं तारलं, असं लिहून मी हात जोडले असते, पण बाकावर आमच्या शेजारी एक तरुण जोडपं होतं. बापाच्या गळ्यात माळ होती. त्यांच्या बाळाच्या डोक्यातलं पाणी पोटात उतरवण्यासाठी नळी घालावी लागणार होती. त्यांची भक्ती आमच्याहून कमी नव्हती. तो बाप मला म्हणाला, "महाराज, निदान आता काय करायचं ते तरी कळलं." मी त्याच्या पायाला हात लावायला वाकलो, त्यानं लावू दिला नाही.

माउली, नामदेवरायांना कच्चं म्हटलं म्हणून ते देवाचे कमी लाडके झाले नाहीत. आपलं लेकरूही तपासणीत काही निघालं म्हणून देवाचं कमी होत नाही. ते जसं आहे तसं जाणून घेऊन कडेवर घ्यायचं. कच्चं मडकं त्या दिवशी मीच निघालो. सुनेनं थापटलं, कापूरहोळच्या वळणावर. ते सोसून घेतो आहे.

रामकृष्णहरी.